न सांगितलेले दुखणे

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा प्रघात पाडला, त्यास दीडशे वर्षे झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्यासपीठांवरून वेदान्त, मराठेशाही, शेती, सहकार, अणुशक्ती अशा नाना विषयांचा ऊहापोह झाला. माणसाच्या घरातले मात्र एक दुखणे या व्यासपीठांवर फारसे चढले नाही. भोकरच्या श्रोत्यांपुढे आज आम्ही तो विषय मांडीत आहो. पतिपत्नीच्या समागमाच्या वेळी जी वेदना होते, आणि जी बहुधा स्त्रीला होते, तिचा हा इतिहास आहे. विषय ऐकून कोणी मान खाली घातली असेल तर त्याचा आम्हांस राग नाही. मान खाली घालण्याची ही सवयच या इतिहासातले सर्वांत मोठे प्रकरण आहे.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. हे नव्या काळाचे फॅड आहे, पूर्वीच्या बायकांना असले काही होत नसे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. चरकसंहितेचा चिकित्सास्थानातील तिसावा अध्याय योनिव्यापदांचा, म्हणजे स्त्रीच्या जननमार्गाच्या विकारांचा आहे. संहितेचा हा भाग दृढबलाने सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी पूर्ण केला. त्यात असे वीस विकार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘परिप्लुता’ या विकारात तो भाग सुजतो, स्पर्श सहन होत नाही, कंबर व जांघा दुखतात, असे वर्णन आहे. आणि सुश्रुताने तर परिप्लुतेचे लक्षण म्हणून समागमातील तीव्र वेदनाच सांगितली आहे. ‘सूचीमुखी’ हा विकार मार्ग जन्मतः अरुंद असण्याचा. आणि ‘प्राक्चरणा’ हा विकार कोणाला होतो? अतिशय लहान वयाच्या मुलीशी समागम केला असता तिला होतो. तिची पाठ, कंबर, मांड्या व जांघा दुखू लागतात, असे ग्रंथकार म्हणतो.

या वैद्यांची कारणमीमांसा वात, पित्त आणि कफ यांच्या परिभाषेतली आहे आणि ती आज जशीच्या तशी मान्य होण्यासारखी नाही. तेलात भिजविलेला बोळा ठेवणे, शेक देणे, स्निग्ध उपचार करणे हे त्यांचे उपाय होते. आज त्यांची नक्कल घरी करून पाहावी असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. परंतु दोन गोष्टींबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. एक म्हणजे त्यांनी या वेदनेला नाव दिले. दुसरी गोष्ट अशी की, त्यांनी तिची गणना रोगांत केली. स्त्रीच्या स्वभावदोषात केली नाही किंवा तिच्या नशिबातही केली नाही. ज्याला नाव आहे ते वैद्याला सांगता येते, आणि जे सांगता येते त्यावर उपाय शोधता येतो.

मग मधल्या काळात हे नाव गेले कोठे? ग्रंथ पोथ्यांत राहिले, पोथ्या वैद्यांच्या घरी राहिल्या, आणि बायका सुइणीच्या आणि सासूच्या हाती राहिल्या. मुलीला पाळी आली की गर्भाधानाचा समारंभ होई, तिची ओटी भरली जाई आणि तिला नवऱ्याच्या खोलीत पाठविले जाई. दुसऱ्या दिवशी तिला काय झाले हे कोणी विचारीत नसे. विचारलेच तर ‘बाईच्या जातीला सोसावंच लागतं’ हे उत्तर ठरलेले होते. आपल्या भाषेत सोसणाऱ्या बाईचे कौतुक फार. आमच्या मते हे कौतुकच औषधाच्या आड आले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे मौन पहिल्यांदा मोडले, आणि ते मुंबईतल्या एका मराठी मुलीने मोडले. रखमाबाईंचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले होते. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. १८८४ साली दादाजींनी वैवाहिक हक्कांसाठी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली तो फेटाळला. अपिलात तो निर्णय फिरला. आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना हुकूम दिला की, नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी बायकांचीच सेवा केली. आपल्या शरीरावर आपल्या इच्छेवाचून कोणाचा हक्क चालू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आज ते साधे वाटते. त्या वेळी त्यावरून सारा देश ढवळून निघाला.

पाठोपाठ १८९० साली कलकत्त्यास फुलमणी दासी या सुमारे अकरा वर्षांच्या मुलीचा पतीच्या समागमाने रक्तस्राव होऊन मृत्यू झाला. त्या वेळच्या कायद्यात संमतीची मर्यादा दहा वर्षांची होती. त्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू होईना. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली आणि कायद्याचे काम संपले. या घटनेने संमतिवयाच्या बिलाला जोर आला आणि १८९१ च्या मार्चमध्ये ती मर्यादा दहावरून बारा वर्षे झाली.

या बिलावरून महाराष्ट्रात झालेला वाद प्रसिद्ध आहे. एका बाजूस मलबारी, रानडे, आगरकर व भांडारकर. दुसऱ्या बाजूस लोकमान्य टिळक. टिळकांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारने आमच्या धर्माचारात कायद्याने हात घालावा याला होता. भांडारकरांनी धर्मशास्त्राचा आधार शोधून सुधारणेची बाजू मांडली. दोन्ही बाजूंची विद्वत्ता मोठी होती. तरीही आज तो वाद वाचताना एक गोष्ट खटकते. श्रुती, स्मृती, सरकार, स्वराज्य या सर्वांची चर्चा त्यात आहे. मुलीला काय होते याची चर्चा त्या मानाने फार थोडी आहे. ती उणीव भरून काढली स्त्री-डॉक्टरांनी. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी १८९० साली बालविवाहाच्या दुष्परिणामांवर मुंबईच्या हिंदू नागरिकांपुढे व्याख्यान दिले. त्याच वर्षी डॉ. मॅन्सेल यांच्या पुढाकाराने पंचावन्न स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज पाठविला आणि आपल्या हाताखालून गेलेल्या मुलींच्या शरीराची काय दशा झाली होती ते त्यात लिहिले. शास्त्रार्थ करणाऱ्यांपाशी वचने होती. या बायांपाशी रोगी होते. आमच्या मते खरा पुरावा तो.

आता आपल्या भागाकडे वळू. भोकर त्या काळी निजामाच्या राज्यात होते. १८९१ चा कायदा काय किंवा मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरविणारा १९२९ चा सारडा कायदा काय, दोन्ही ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होते. पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांत रण माजले तरी त्या कायद्यांचा अंमल गोदावरीच्या या खोऱ्यात आपोआप येत नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाडा स्वतंत्र भारतात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्यात आला, आणि देशाचा कायदा तोच आपला कायदा झाला. १९७८ पासून मुलीच्या लग्नाचे वय अठरा आहे. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झाले होते. म्हणजे दर पाचांत एक. दृढबलाच्या पोथीतली प्राक्चरणा पोथीतच राहिली, असे म्हणण्याची सोय अजून नाही.

कायद्याने वय ठरले. पण वय भरल्यानंतरही जी दुखते तिचे काय? तिच्यासाठी कायदा पुरत नाही. तिला बोलायला जागा लागते. ती जागा मराठीत करून देणारा माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातील नोकरी गेली. जुलै १९२७ पासून १९५३ साली मरण येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्या मासिकात वाचक आपले लैंगिक प्रश्न विचारीत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तर देत. या उत्तरांपायीच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजेच अश्लील लिहिणे नव्हे, हा त्यांच्या बाजूचा गाभा होता. कोर्टाने कर्व्यांना दोनशे रुपये दंड केला. दंड भरून मासिक पुढे चालूच राहिले. कर्व्यांची सगळीच मते पटावीत असा आमचा आग्रह नाही. मात्र ज्याला शंका आहे त्याने ती विचारावी आणि ज्याला ठाऊक आहे त्याने ती फेडावी, हा साधा व्यवहार या विषयात सुरू करण्यासाठी एका माणसाला दंड भरावा लागला, हे विसरता येत नाही. पुढे मुंबईच्या डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या ‘निरामय कामजीवन’सारख्या पुस्तकांनी तोच व्यवहार घरोघर नेला.

आपल्याकडे ही धडपड चालू असता पाश्चात्त्य वैद्यक काय करीत होते? तेही फार पुढे होते असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील डॉ. मॅरियन सिम्स यांनी १८६१ साली योनिमार्गाचे स्नायू आपोआप आवळले जाण्याच्या विकाराला ‘व्हजायनिस्मस’ हे नाव दिले. त्यांचा उपाय मुख्यतः कातरीचा होता. याच सिम्सने त्याआधी गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रियेचे प्रयोग केले होते, हेही इतिहासात नमूद आहे. पुढच्या काळात बाईच्या दुखण्याचे मूळ शरीरात सापडले नाही की ते तिच्या मनाचे खेळ म्हणून सोडून देण्याची प्रथा पडली. १९७० साली मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, आवळलेले स्नायू कापावे लागत नाहीत. पतीला बरोबर घेऊन, धीराने, क्रमाक्रमाने ते सैल करता येतात. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगसूचीत वेदना आणि स्नायूंचे आवळणे हे दोन्ही विकार एकाच नावाखाली आणले, कारण व्यवहारात त्यांची ताटातूट करता येत नाही. भीतीने अंग आवळते, आवळल्याने दुखते, दुखल्याने भीती वाढते. हे चक्र ओळखण्यास वैद्यकाला दीडशे वर्षे लागली.

आणि खेड्यातल्या बाईला कोणी विचारले? ते काम पुन्हा महाराष्ट्रातच झाले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शंभरांत ब्याण्णव स्त्रियांना जननेंद्रियांचा काही ना काही विकार होता; पूर्वी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत फक्त आठ. रोग ब्याण्णवांना आणि तपासणी आठांची! डॉ. राणी बंग यांनी या बायकांचे बोलणे ज्या पुस्तकात मांडले त्याचे नाव ‘कानोसा’ आहे. या सबंध इतिहासाला याहून नेमके नाव आम्हांस सुचत नाही. उपचाराची सुरुवात औषधापासून होत नाही. ती कानापासून होते.

तर आज या वेदनेविषयी काय ठाऊक आहे ते थोडक्यात सांगू. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात: दुखते कोठे, तोंडाशी की आत ओटीपोटात? तोंडाशी दुखण्याची कारणे पुष्कळ. सर्वांत साधे म्हणजे कोरडेपणा. मन तयार नसता केलेली घाई हे त्याचे एक कारण. अंगावर पाजणाऱ्या बाईला आणि पाळी गेलेल्या बाईला तो स्त्री-संप्रेरक कमी झाल्यामुळेही येतो. बुरशीचा किंवा इतर जंतूंचा संसर्ग होऊन खाज सुटते, पांढरे जाते, आग होते. बाळंतपणात घातलेल्या टाक्यांचा व्रण ओढला जातो. काहींना त्वचेचा विकार असतो, काहींच्या योनिमुखाचा स्पर्शच असह्य होतो. आणि काहींचे स्नायू वर सांगितल्याप्रमाणे भीतीने आवळतात. या भीतीमागे लहानपणीचा एखादा वाईट प्रसंगही असू शकतो. आत खोल दुखत असेल तर गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढणे, गर्भनलिकांची जुनी सूज, अंडाशयावरची गाठ, जननमार्गाचा क्षय यांचा विचार करावा लागतो. पुरुषालाही वेदना होतात. शिस्नाची त्वचा मागे न सरणे किंवा जंतुसंसर्ग अशी त्याची कारणे असतात. तोही लाजेने गप्प बसतो.

इतकी कारणे सांगण्याचा हेतू घाबरविणे हा नाही. कारण सापडले की उपाय आहे, हे सांगण्यासाठी ती सांगितली. कोरडेपणाला वेळ द्यावा आणि पाण्याचा अंश असलेले वंगण वापरावे. निरोध वापरत असल्यास तेल वापरू नये, त्याने निरोध फाटतो. पाळी गेलेल्या स्त्रीला डॉक्टर संप्रेरकाचे मलम देतात. संसर्गाला नेमके औषध आहे आणि काही संसर्गांत ते नवऱ्यालाही घ्यावे लागते. बायकोनेच औषध घ्यायचे आणि नवऱ्याने घ्यायचे नाही, तर दुखणे परत येते. आवळणाऱ्या स्नायूंसाठी श्वासाचे व स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम, भौतिकोपचार, लहानापासून मोठ्यापर्यंतच्या नळ्या स्त्रीने स्वतःच्या हाताने व स्वतःच्या गतीने वापरणे, आणि जोडीने समुपदेशन हा मार्ग आहे. शस्त्रक्रिया लागते, पण ती थोड्यांना. समागमानंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसत असेल, किंवा तापासह दुर्गंधीचा स्राव होत असेल, तर मात्र एक दिवसही काढू नये. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पहिली खूण कधीकधी हीच असते आणि वेळेवर सापडला तर तो बरा होतो.

तपासणीबद्दलही एक शब्द. डॉक्टरने आधी विचारावे, समजावून सांगावे, दुसरी स्त्री जवळ असू द्यावी, आणि बाई ‘थांबा’ म्हणाली की थांबावे. ज्या बाईला स्पर्शाचीच धास्ती आहे तिची तपासणी जबरदस्तीने केली तर दुखणे वाढते. पहिल्या भेटीत नुसते बोलणे झाले तरी ती भेट वाया जात नाही.

नवरेमंडळींना येथे स्पष्टच सांगितले पाहिजे. पत्नी ‘दुखते’ म्हणाली म्हणजे ती आपल्याला नाकारते असा अर्थ होत नाही. त्या दिवशी थांबणे हाच उपचाराचा पहिला भाग आहे. दुखत असता रेटून नेले तर शरीर ते लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी आधीच आवळते. कायद्याची गोष्टही ध्यानात ठेवावी. अठराच्या आतील पत्नीशी समागम हा सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालापासून बलात्कार ठरतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तेच वय कायम आहे. दहा, बारा आणि अठरा, या तीन आकड्यांमधून जाण्यास या देशाला सव्वाशे वर्षे लागली. अठराच्या पुढचे मात्र कायद्यावर सोडून चालणार नाही. ते माणुसकीनेच सांभाळावे लागेल.

भोकरला सरकारी रुग्णालय आहे. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे आणि तेथे स्त्रीरोगाचा विभाग आहे. या भागात मराठीबरोबर तेलुगू, उर्दू आणि गोरमाटी बोलणारी कुटुंबे राहतात. कोणत्याही भाषेत तीन वाक्ये पुरतात: जवळ आल्यावर दुखते, अमुक ठिकाणी दुखते, इतक्या दिवसांपासून दुखते. ही तीन वाक्ये बोलायला लेकीला आईने शिकवावे, सुनेला सासूने धीर द्यावा, आणि नवऱ्याने दवाखान्यात तिच्याबरोबर जाऊन बसावे.

दीड हजार वर्षांपूर्वी एका वैद्याने या दुखण्याचे नाव लिहून ठेवले. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी ठेवली, कर्व्यांनी दंड भरला, गडचिरोलीत कोणी उंबऱ्यापाशी बसून ऐकले. आपल्या वाट्याला त्या मानाने फार सोपे काम आले आहे. आपल्याला फक्त विचारायचे आहे, आणि विचारल्यावर उत्तर मिळेपर्यंत थांबायचे आहे.